अडीच-तीन लाख किलोमीटर धावलेली डिझेल पिकअप घ्यायची असेल तर: कागदापासून चासीपर्यंत तपासणीचा क्रम

नाशिकहून भाजी भरून वाशीच्या बाजार समितीत माल टाकून परत येणारी पिकअप एका फेरीत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावते. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरा, वर्षाला लाखावर किलोमीटर होतात. म्हणून पाच वर्षांची धंद्याची गाडी मीटरवर ८०,००० दाखवत असेल तर आधी शंका घ्यायची आणि २,८०,००० दाखवत असेल तर घाबरायचं नाही. रोज एका गतीने हायवेवर पळालेलं, वेळेवर ऑइल बदललेलं डिझेल इंजिन तीन लाखांनंतरही काम देतं. उलट गावातल्या गावात विटा, वाळू, खडी ओढणारी गाडी दीड लाखातच खिळखिळी झालेली असते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, क्षमतेच्या दुप्पट वजन घेऊन तिचा दिवस जातो. मीटर हे काहीच सांगत नाही.

त्यामुळे बोलेरो पिकअप असो, टाटा योद्धा असो की अशोक लेलँड दोस्त, पहिला प्रश्न हाच: या गाडीने काय वाहिलं आणि किती वाहिलं? बघायला जाण्यापूर्वी एक गोष्ट मनात ठरवून घ्या. चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि कागद या तिघांपैकी एकही खराब निघालं तर गाडी सोडायची, भाव कितीही कमी असो. बाकी सगळं, म्हणजे क्लच, पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक, टायर, बॅटरी, यांचा खर्च काढता येतो आणि तो किमतीतून कापून घेता येतो.

घरून निघण्याआधी: नंबरवरून चौकशी

विक्रेत्याकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. तो देत नसेल तर जाण्याचे श्रम घेऊ नका. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की मालक कितवा, नोंदणी कधीची, फिटनेस (आपल्या भाषेत पासिंग), विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर भरलाय का, बँकेचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. ई-चलनं राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर वेगळी पाहा. धंद्याच्या गाडीवर दहा-पंधरा चलनं थकलेली असणं नेहमीचं आहे, आणि ती फेडल्याशिवाय पुढची कामं अडतात.

आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. समजा ते १,७५० आणि ३,४५० किलो आहेत. फरक १,७०० किलो, त्यातून ड्रायव्हर-क्लीनर वजा करा, उरलं ते कायदेशीर माल. हा आकडा लिहून घ्या, पुढे चासी बघताना लागेल. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. परमिट लागणाऱ्या गाडीचं परमिट चालू आहे का, हे कागदावरच बघा. लायसनचा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन असणाऱ्याला ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

गाडीचं वय कागदावर दोन ठिकाणी बोचतं. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर धंद्याच्या गाडीला पर्यावरण करही लागू होतो. गाडी जितकी जुनी, तितकी पासिंगची फी जास्त, त्यामुळे चालू दर पाहूनच हिशोब करा. पासिंग संपलेली गाडी ‘फक्त पासिंग बाकी आहे’ म्हणून स्वस्तात विकली जाते. तेव्हा समजून घ्या की ब्रेक, लाइट, स्पीड गव्हर्नर, रिफ्लेक्टर पट्ट्या आणि धूर हे सगळं नीट करून घेण्याचा खर्च तुमच्याकडे येतोय.

दिल्ली परिसरातून आलेल्या गाड्यांबद्दल सावध असा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घातली गेली (हरित लवादाचा २०१५ चा आदेश, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केलेला). त्यामुळे तिथल्या गाड्या दहा वर्षं जवळ आली की बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही, पण एनओसी, पुन्हा नोंदणी आणि इथला कर धरल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही.

सोबत काय न्यायचं

चांगली टॉर्च, जुनी चादर किंवा पोतं (गाडीखाली झोपायला), पांढरं फडकं, मेजर टेप, लहान हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, जॅक आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे. गाडी कॉमन रेल इंजिनाची (संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणारं नवं इंजिन) असेल तर मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र). शक्य असेल तर याच मॉडेलवर रोज काम करणारा मिस्त्री सोबत घ्या आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. विक्रेत्याने सुचवलेला मिस्त्री नको.

वेळ सकाळची ठरवा आणि फोनवर स्पष्ट सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर आधी बॉनेट उघडून रेडिएटरवर आणि इंजिनाच्या हेडवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधी चालू करून ठेवलेली आहे, म्हणजे सकाळच्या स्टार्टिंगचा दोष लपवायचा आहे. दुसऱ्या दिवशी या, किंवा येऊच नका.

चासीपासून सुरुवात

बहुतेक लोक इंजिनापासून सुरुवात करतात. पिकअपमध्ये हे उलटं करावं. इंजिन बांधून घेता येतं, चासी वाकलेली किंवा चिरलेली असेल तर ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, आणि भरल्या गाडीने घाटात चासी तुटली तर जीव जातो.

गाडीच्या मागे पंधरा-वीस फूट लांब जाऊन उकिडवे बसा. हौदा (माल भरायचा मागचा भाग) एका बाजूला कललाय का? केबिन आणि हौद्याच्या मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर जास्त खाली कमी, किंवा उलट असेल तर केबिनच्या मागे चासी वाकली आहे. आता टेप लावा. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी जोरात ठोकलेली आहे किंवा ॲक्सल सरकलेला आहे. मागचा फाळका उघडून बंद करा. कुलूप सहज बसत नसेल, ठोकून बसवावं लागत असेल तर हौद्याची चौकट तिरकी झालेली आहे.

मग खाली झोपा. चिरा कुठे पडतात हे माहीत असलं की शोधायला वेळ लागत नाही. पाट्याचे ब्रॅकेट जिथे चासीला रिव्हेट केलेले असतात तिथे, शॅकलच्या (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीच्या) आसपास, केबिनच्या लगेच मागे जिथे मोकळी चासी संपून हौदा सुरू होतो तिथे, आणि आडव्या पट्ट्या (क्रॉस मेंबर) जिथे जोडल्या आहेत तिथे. चीर सुरुवातीला केसासारखी बारीक असते आणि तिच्या कडेने गंजाची लालसर रेघ उमटते, तीच आधी दिसते. रिव्हेटभोवती असाच लाल भुगा दिसला तर रिव्हेट ढिला झाला आहे. हातोडीने चासीच्या पट्टीवर हलके ठोके मारत पुढे सरका. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं. गंजून पातळ झालेलं किंवा आतून पट्टी मारलेलं बद्द वाजतं.

वेल्डिंग दिसलं तर लगेच नाही म्हणायची गरज नाही, पण ते कसं केलंय ते पाहा. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवलेली आणि वर लांब, कडा तिरक्या कापलेली पट्टी बोल्टने किंवा नीट वेल्ड करून बसवलेली असेल तर कामाच्या माणसाने केलेलं आहे. नुसती चिरेवरून वेल्डिंगची माळ ओढलेली असेल तर तिच्या शेजारीच पुढची चीर येते. आणि खालची सगळी चासी काल-परवाच काळ्या रंगाने रंगवलेली असेल तर प्रत्येक सांधा स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघायचा हक्क तुम्हाला आहे. विक्रेता अडवत असेल तर उत्तर मिळालं.

क्षमतेपेक्षा किती वजन ओढलंय याच्या खुणा गाडी स्वतःच दाखवते. मूळ पाट्यांच्या खाली एक-दोन जादा पाटे टाकलेले, हौद्याचे कठडे वेल्डिंग करून उंच केलेले, मागच्या रिमला बोल्टच्या भोकांभोवती चिरा. मागच्या दोन्ही टायरांची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेली असेल तर ते लक्षात घ्या. वजनाने मागचं हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं लोखंडी घर) मधून खाली वाकतं, चाकांची वरची बाजू आत झुकते आणि आतली कड घासते. हाउसिंग बदलणं हा मोठा खर्च आहे, आणि ज्याने हाउसिंग वाकवलं त्याने क्लच, गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियनही (हाउसिंगच्या आतले दातेरी गिअर) तसेच वापरले असणार.

कोकण किनाऱ्यावरच्या गाडीला वेगळी नजर लागते. हर्णै, रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईच्या ससून डॉकवरून मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये बर्फाचं खारं पाणी फळ्यांमधून थेट चासीवर गळत राहतं. बाहेरून रंग चांगला दिसतो, पण चासीच्या आतल्या घडीत, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपवर गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. पापुद्रा निघून आत चकाकी दिसली तर वरवरचा गंज. टोक रुतलं तर उठा आणि हात झटका. रासायनिक खत आणि कोंबडीखत वाहणाऱ्या गाड्यांचंही हेच होतं.

पुराचं पाणी लागलेली गाडीही इथेच ओळखावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा हजारो वाहनं पाण्याखाली होती आणि त्यातल्या काही गाड्या आजही हातोहात फिरतात. सीट बेल्ट पूर्ण ओढून शेवटपर्यंत पाहा, गढूळ रेघ दिसते. सीटखालच्या रूळांवर, डॅशबोर्डच्या आतल्या स्क्रूंवर एकसारखा गंज, वायरिंगच्या सॉकेटमध्ये वाळलेला गाळ, हेडलाइटच्या आत तळाशी मातीचा थर. इंजिन नंतर बांधून घेतलेलं असलं तरी वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) पुढची दोन वर्षं त्रास देत राहतं.

शेवटी चासी नंबर. पट्टीवरचा कोरलेला नंबर पुसून आरसीशी अक्षरागणिक जुळवा. आजूबाजूचा पत्रा घासलेला, अक्षरं वाकडी किंवा कमी-जास्त खोल असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. इंजिन नंबरही तसाच जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ट्रान्सफर अडकते. चोरीची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर पाहता येते.

थंड इंजिन, बंद असताना

डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याची काळजी नको. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर नोझल (डिझेल फवारणारा भाग) गळतंय किंवा बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमाच्या) गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहून डिझेल खाली उतरतंय. अगदी सोनेरी, ताजं ऑइल असेल तर विचारा, कधी बदललं आणि का. बोटाच्या चिमटीत धरून ओढा. मधासारखी तार धरत असेल तर धूर आणि आवाज दाबायला जाड ऑइल किंवा मिश्रण टाकलेलं आहे.

रेडिएटरचं झाकण उघडा (थंड असतानाच). हिरवं किंवा गुलाबी कूलंट असलं पाहिजे. लाल गंजकं पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय आणि आतले मार्ग बुजत आलेत. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, चिरलेलं हेड किंवा फुटलेला ऑइल कूलर, यातलं एक नक्की.

पहिली सुरुवात

एका माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. तुम्ही चावी फक्त ऑन करा आणि मीटरकडे बघा. इंजिनचा पिवळा दिवा, ऑइलचा लाल दिवा, बॅटरी, हीटर प्लगची कॉइल, बीएस-६ असेल तर डीपीएफ, हे सगळे आधी पेटले पाहिजेत. जो दिवा पेटतच नाही तो कुणीतरी काढलेला किंवा बंद केलेला आहे, म्हणजे त्यामागे दोष आहे. ही साधी खूण विक्रेते विसरतात.

मग स्टार्टर मारा. तीन-चार सेकंदांत इंजिन पकडलं पाहिजे. पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागला तर हीटर प्लग, कॉम्प्रेशन, डिझेल लाइनमधली हवा किंवा नोझल, कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बॅटरी मल्टिमीटरने बघा. बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरी चांगली असून स्टार्टिंग जड असेल तर दोष आत आहे.

धुराचा रंग तीन प्रकारे वाचायचा. थंडीत पहिले काही सेकंद पांढरी वाफ येणं ठीक. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत राहिला तर डिझेल न जळता बाहेर येतंय, म्हणजे कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल खराब. झोंबत नसलेला, गोडसर वासाचा पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइल पिस्टनच्या रिंगमधून, व्हॉल्व्ह सीलमधून किंवा टर्बोमधून येतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, कार्बनने भरलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), अशा स्वस्त गोष्टींपासून नोझलपर्यंत काहीही असू शकतं, म्हणून नुसत्या काळ्या धुराला घाबरून गाडी सोडू नका.

पहिल्याच मिनिटात वरचा रेडिएटर पाइप दाबून बघा. इंजिन अजून थंड असताना तो दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात जातोय. हेड गॅस्केट गेलं.

ब्रीदर

ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट. तिची तपासणी गरम इंजिनावर करायची, म्हणजे चालवून आल्यावर पुन्हा करा. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर उलटं ठेवा. झाकण जरा थरथरलं तर तीन लाख किलोमीटरच्या इंजिनाला ते शोभतं. झाकण उडून पडत असेल, भोकातून ठोक्याठोक्याने धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत आणि जळलेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतोय. काही इंजिनांत झाकणाखाली पडदा असतो, त्यामुळे ब्रीदरचा पाइप सुटा करूनही एकदा पाहा. हात धरल्यावर जोराचा झोत लागला, हाताला ऑइल लागलं तर ‘इंजिन ब्रीदर मारतंय’ असं मिस्त्री म्हणतात, आणि ते इंजिन उघडावं लागणार.

खात्री हवी असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तंदुरुस्त डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारण २५ ते ३० बार मिळतो. सगळे सिलिंडर थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन म्हातारं पण सरळ आहे. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा चार-पाच बारने खाली असेल तर तिथे व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचा विशिष्ट बिघाड आहे. पूर्ण इंजिन काम, म्हणजे बोअर-पिस्टन, बेअरिंग, हेड, पंप-नोझल, सहज लाखाच्या घरात जातं, आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहते तो धंदा वेगळा. ‘नुकतंच इंजिन काम केलंय’ हे वाक्य पार्टच्या बिलांशिवाय ऐकू नका. फक्त रिंगा बदलून, जुन्याच बोअरमध्ये, विकण्यापुरतं काम केलेल्या गाड्या भरपूर आहेत आणि त्या सहा महिन्यांत पुन्हा धूर देतात.

कॉमन रेल आणि बीएस-६

बीएस-३ पर्यंतच्या बऱ्याच पिकअपमध्ये यांत्रिक पंप होता. गावातला पंपवालाही तो दुरुस्त करतो. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि या गाड्यांत कॉमन रेल, सेन्सर आणि ईसीएम असतात. यांचा शत्रू घाणेरडं डिझेल. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाणी दिसलं तर देखभाल झालेली नाही. चकाकणारे धातूचे कण दिसले तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय, आणि ते कण रेल व नोझलपर्यंत पोहोचलेले असतात. ही गाडी सोडा.

नोझलची परीक्षा रिटर्न टेस्टने होते. प्रत्येक नोझलच्या रिटर्न पाइपला एक-एक लहान बाटली लावून इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवायचं. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल जमलं पाहिजे. एखाद्या बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर ते नोझल गेलं. अशी गाडी बऱ्याचदा थंड असताना पटकन चालू होते आणि गरम झाल्यावर चालू व्हायला त्रास देते.

स्कॅनर लावलात तर कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा उघडा. तो दहा-बारा असेल तर काल रात्रीच पुसलेत. रेलचा दाब आयडलला साधारण २५० ते ३५० बारच्या दरम्यान स्थिर असावा, वर-खाली उड्या मारत नसावा.

बीएस-६ मध्ये डीपीएफ जिवंत आहे का ते पांढऱ्या फडक्याने कळतं. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. चांगला डीपीएफ असेल तर फडकं जेमतेम मळतं. काजळीने काळं झालं तर डीपीएफ फुटला आहे किंवा कापून आतून रिकामा केला आहे. सायलेन्सरच्या डब्यावर नवीन वेल्डिंगची रेघ शोधा. असा बदल बेकायदा आहे आणि नवीन डीपीएफची किंमत गाडीचा सौदा उलटा करू शकते. गावातल्या गावात दहा-दहा किलोमीटर फिरलेल्या बीएस-६ गाडीत डीपीएफ हमखास चोंदतो, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता कधी तयारच होत नाही. ज्या मॉडेलला निळ्या झाकणाची डीईएफ टाकी आहे, तिच्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण लागतं. झाकणाभोवती पांढरे खडे साचलेत का, दिवा पेटतोय का ते बघा. पैसे वाचवायला पाणी भरलेलं असेल तर पुढची धूर साफ करणारी यंत्रणा खराब झालेली असते.

टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित हलला तर चालेल, आत-बाहेर सरकता कामा नये. पाती घराला घासल्याच्या खुणा नकोत. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा ओलसर थर नेहमीचा, तेल ओघळून साचलं असेल तर टर्बो सील गेलं.

खालची बाकी मंडळी

ठोकळे लावून एकेक चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवी बाजू धरून. वर-खाली खेळ असेल तर पुढे पाट्याच्या गाडीत किंगपिन किंवा बेअरिंग, कॉइल स्प्रिंगच्या गाडीत बॉल जॉइंट. आडवा खेळ असेल तर स्टिअरिंगचे टाय रॉड. चाक फिरवून घरघर ऐका. पाट्यांत मेन पाटा तुटलेला नाही ना, बुश खाल्लेत का, यू-बोल्ट सुटे नाहीत ना ते पाहा.

प्रोपेलर शाफ्ट हाताने उलट-सुलट फिरवला की क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) खट्ट आवाज नको. मागच्या हाउसिंगचा भरायचा नट उघडून करंगळी बुडवा. बारीक चंदेरी धूळ ठीक, बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे क्राउन-पिनियनचे दात तुटताहेत. ब्रेक ड्रमच्या आतून तेल ओघळलं असेल तर व्हील सिलिंडर किंवा ॲक्सल सील. मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची कांडी तारेने बांधून ठेवलेली आढळते, ती मोकळी असली पाहिजे.

टायरवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खोबण १.६ मिमीच्या खाली गेलेली असेल तर पासिंगही होणार नाही. गाडी नवीन दिसावी म्हणून रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर बसवलेले) टायर चढवलेत का तेही बघा.

चालवून बघणं, तेही भरून

रिकामी पिकअप कुणालाही चांगली वाटते. निदान अर्ध्या क्षमतेचं वजन, मग सिमेंटच्या गोण्या असोत की पाण्याचे ड्रम, टाकायला सांगा आणि एक चढ निवडा. किमान तीस किलोमीटर चालवा.

निघण्यापूर्वी क्लच. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच प्लेट संपली. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग, हे स्वस्त पण मजुरी तीच, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ब्रेक बूस्टरसाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

रस्त्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना करकर, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन एकदम सोडल्यावर गिअर सुटून न्यूट्रल होणं, चाळीस-साठच्या वेगात तळाला थरथर, ॲक्सिलरेटर देताना एक सूर आणि सोडताना दुसरा असा हाउसिंगचा रडका आवाज, हे सगळं कान देऊन ऐका. रेडिओ बंद आणि विक्रेत्याचं बोलणंही थोडा वेळ बंद ठेवायला सांगा. चढावर तापमानाचा काटा मध्यावर राहिला पाहिजे. वर सरकत राहिला तर रेडिएटर, पाण्याचा पंप, फॅन क्लच किंवा हेड.

परत येऊन दोन मिनिटं आयडलवर उभी करा. ऑइलचा लाल दिवा मिणमिणतोय का बघा. गरम इंजिनात आयडलला तो लुकलुकला तर बेअरिंगांत खेळ वाढलाय. ब्रीदरची परीक्षा आता पुन्हा करा. बंद करून पाच मिनिटांनी खाली पुठ्ठा सरकवा आणि कुठे काय टपकतंय ते नोंदवा.

सौदा आणि ताबा

लिहून काढलेल्या दोषांचे दर दुसऱ्या गॅरेजमधून विचारा, बेरीज करा आणि तो कागद समोर ठेवून बोला. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. कर्ज थकलं असेल तर पैसे थेट त्या कर्जखात्यात भरा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओ किंवा राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मालकाच्या कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांवर विसंबून मधल्या दलालाकडून गाडी घेऊ नका. आरसीवर नाव असलेला माणूस प्रत्यक्ष भेटला पाहिजे. २०१९ च्या एप्रिलपूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागली आहे का पाहा.

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, मिनिटापर्यंत. त्या क्षणाआधीची चलनं आणि अपघात विक्रेत्याचे, नंतरचे तुमचे, हे दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सहीने स्पष्ट असू द्या. फास्टॅग विक्रेत्याचा बंद करायला लावा आणि तुमचा नवा घ्या. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. तुम्ही नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडी घरी आली की धंद्याला लावण्याआधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट एकाच दिवशी बदला आणि त्या दिवसाचं मीटर रीडिंग डायरीत लिहा. पहिले एक हजार किलोमीटर दर सकाळी डिपस्टिक आणि कूलंटची पातळी पाहून नोंदवा. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल कमी होत असेल तर इंजिन कामाची तयारी आत्तापासून ठेवा, आणि जादा टाकलेले पाटे काढून गाडी आरसीवरच्या वजनावर आणा.